शारदेचं लग्न लागलं असतं तर?

परवा रात्री जेवणं उरकली आणि कुठला सिनेमा लावायचा यावरून आमच्याकडे नेहमीचा वाद सुरू झाला. लेकीने नुसती पोस्टरं बघून निम्म्या सिनेमांचे शेवट सांगून टाकले. तिचं म्हणणं, आता नवी गोष्टच कुणाकडे उरलेली नाही. सूड, भुतं, गुंड, नाहीतर परदेशी सिनेमाची नक्कल. मी ओटा आवरत होते, पण डोक्यात व्ही. शांताराम आले. या माणसाने आयुष्यभर नव्या सिनेमाचा ध्यास घेतला आणि गोष्टी मात्र बऱ्याचदा जुन्याच घेतल्या.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ चा, कोल्हापूरचा. शिक्षण बेताचंच. लहानपणी थोडे दिवस गंधर्व नाटक मंडळीत काढले, मग हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात नोकरी आणि तिथल्याच एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम. सिनेमे फुकट बघायला मिळायचे, हाच काय तो खरा पगार. १९२० मध्ये ते कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले आणि हातात येईल ते काम करत सगळं शिकले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये नाडल्या गेलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यांनीच केली होती. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली.

आता गंमत बघा. प्रभातचा पहिला बोलपट १९३२ चा, ‘अयोध्येचा राजा’. मराठीतला पहिला बोलपट हाच. आणि गोष्ट कुणाची, तर राजा हरिश्चंद्राची! दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये हीच गोष्ट पडद्यावर आणली होती. प्रेक्षागृहातल्या शेंबड्या पोरालासुद्धा शेवट पाठ. पण फाळक्यांची तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने रंगवली होती आणि ती मुकी होती. प्रभातची तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, घरंदाज, शिकलेली बाई. तारामती पहिल्यांदाच बाईच्या आवाजात मराठी बोलली. याच दुर्गाबाईंना पुढे १९३६ च्या ‘अमरज्योती’त शांतारामबापूंनी समुद्रावरची लुटारू केलं. का, तर पोटचा मुलगा तिच्याकडून हिरावला गेला आणि कायद्याने त्याच्यावर तिचा हक्कच मानला नाही म्हणून. मुलाचा ताबा मिळत नाही म्हणून रडत आलेल्या किती तरी बायका मी समाजकार्याच्या निमित्ताने बघितल्यात. लुटारू कुणीच झाली नाही, तो भाग वेगळा.

पण मला खरं बोलायचंय ते १९३७ च्या ‘कुंकू’बद्दल. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची, ‘न पटणारी गोष्ट’. म्हाताऱ्याशी पोरीचं लग्न, हा विषय तेव्हासुद्धा शिळाच होता. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ चं. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं लोक त्यावर डोळे पुसत होते. मात्र ‘शारदा’त लग्न ऐनवेळी मोडतं. मुलगी वाचते, आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि घरी जातो. ‘कुंकू’ सुरू होतो तो जणू याच प्रश्नातून, की शारदेचं लग्न लागलंच असतं तर? इथे नीरेला फसवून काकासाहेब वकिलांच्या गळ्यात बांधलं जातं. आणि ही पोरगी रडत कोपऱ्यात बसत नाही. लग्न मानतच नाही. नवऱ्याला खोलीबाहेर ठेवते, आत्याबाईंना पुरून उरते, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला धडा शिकवते. तेच घर, तीच सासुरवाडी, पण गोष्ट आता नवरीच्या खोलीतून दिसते. शांता आपट्यांची ती ताठ मान एकदा तरी बघाच. आणखी एक, या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरचे आवाज, बस्स. घरात कोंडलेल्या बाईला दिवसभर जे ऐकू येतं तेच आपल्यालाही ऐकू येतं.

काकासाहेबांच्या विधवा, समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. नीरेला त्या घरात तिचाच आधार मिळतो. खऱ्या आयुष्यातही शकुंतलाबाईंनी संततिनियमनाच्या प्रचाराचं काम केलं. तो विषय चारचौघांत काढायची लाज वाटायची त्या काळात! आमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या त्या आजीच म्हणायच्या.

शेवट मात्र मला खुपतो. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते नीरेला मुलगी मानून चिठ्ठी लिहितात आणि जीव देतात. तिला मोकळं करायला त्यांना मरावं लागतं. आधी मला हे सोयीचं वाटायचं. मग लक्षात आलं, की मुंबई इलाख्यात हिंदू बायकांना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ मध्ये. १९३७ सालच्या नीरेला दुसरी वाटच नव्हती. जी वाट कायद्यातच नाही ती गोष्टीत तरी कुठून आणणार?

आणि आता ते बोलायलाच हवं जे बायका एकमेकींत कुजबुजतात. ‘कुंकू’ काढणाऱ्या माणसाने घरात पहिली पत्नी विमलबाई असताना १९४१ मध्ये जयश्रीबाईंशी लग्न केलं. त्यांच्याशी फारकत झाल्यावर १९५६ मध्ये संध्याबाईंशी. विमलबाईंच्या बाजूने ही गोष्ट कुणी पडद्यावर आणली नाही. यामुळे ‘कुंकू’ खोटा ठरतो का? मी बरेच दिवस यावर विचार केला. मला ‘कुंकू’ टाकून देता येत नाही आणि विमलबाईंना विसरताही येत नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही.

प्रभातमध्येच पुढे १९३९ चा ‘माणूस’ आला. दारू पिऊन प्रेमासाठी झुरत मरणाऱ्या देवदासचं तेव्हा देशभर वेड होतं. बापूंनी पोलीस शिपाई आणि वेश्या यांची गोष्ट सांगितली आणि शिपायाला मरू न देता पुन्हा कामावर पाठवलं. मग १९४१ चा ‘शेजारी’, हिंदू-मुसलमान मित्रांचा. १९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी मुंबईला राजकमल काढलं, राजाराम आणि कमल या आईवडिलांच्या नावावरून. ‘शकुंतला’ने तिथे पैसा दिला. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या खऱ्या प्रयोगावरून सुचलेला, गोष्ट गदिमांची. त्यात बैलाशी झुंजताना बापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली. पुढच्या वर्षी बर्लिनला त्या सिनेमाने पारितोषिक मिळवलं.

लेकीचा नकलेचा मुद्दा आहे ना, त्याला माझं उत्तर १९७२ चा ‘पिंजरा’. याची कल्पना १९३० च्या एका जर्मन सिनेमावरून घेतलेली, नाचणारीच्या नादाने धुळीला मिळालेल्या मास्तराची. पण तमाशाचा फड आपला, गाव आपलं. आणि मास्तरावर आरोप येतो तो स्वतःच्याच खुनाचा! गाव मेलेल्या मास्तराला देव करतं आणि जिवंत मास्तराला फासावर चढवतं. जर्मन सिनेमात हे नाही. डॉ. लागूंचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

सगळंच असं जमलं नाही, बरं का. नंतर नंतर रंग आणि नाच वाढत गेले आणि गोष्ट पातळ झाली. १९६१ च्या ‘स्त्री’मध्ये त्यांनी पुन्हा शकुंतलेलाच हात घातला, पण मला त्यात नवं काही दिसलं नाही. १९८५ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि ऑक्टोबर १९९० मध्ये ते गेले.

मागच्या वर्षी आमच्या महिला मंडळात आम्ही ‘कुंकू’ दाखवला. भिंतीला पांढरी चादर लावून. तरुण मुली कंटाळतील अशी मला धास्ती होती. संपल्यावर मागच्या रांगेतली एक नवी सून उठली. दोन महिन्यांपूर्वी तीच माझ्याकडे माहेरी परत जाऊ का विचारायला आली होती. तिने विचारलं, की पुढे नीरा काय करते? मग एकीने तिला मास्तरीण केलं, दुसरीने तिचं दुसरं लग्न लावलं, आमच्या सत्तरीच्या काकू म्हणाल्या की आधी तिच्या नावावर घर करा. शेवटी वॉचमन हॉल बंद करायला आला, तेव्हा नीरा नुकतीच शिवणाचा क्लास काढून भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती.