विश्लेषण : विश्वविजेतेपद जिंकूनही बोबो ब्राझील यांचे नाव यादीत का नाही?

अमेरिकेतील रेसलिंगमध्ये लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो. त्यामुळे जगज्जेतेपदाचा पट्टा कुणाला द्यायचा, हा निर्णय प्रमोटर मंडळींचा. हा पट्टा कृष्णवर्णीय मल्लांपासून किती काळ दूर ठेवला गेला, हे बोबो ब्राझील यांच्या कारकिर्दीवरून समजते.

कोण होते बोबो ब्राझील?

त्यांचे खरे नाव ह्यूस्टन हॅरिस. जन्म १० जुलै १९२४, अर्कान्सा राज्यातील लिटल रॉकचा. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे मिशिगनमधील बेंटन हार्बर येथे जो सावोल्डी यांनी त्यांना रेसलिंगचे धडे दिले. अमेरिकेतच जन्मलेल्या या मल्लाला दक्षिण अमेरिकेतील 'बुबू ब्राझील' म्हणून रिंगमध्ये उतरवले गेले. जाहिरातीतील छपाईच्या चुकीमुळे 'बुबू'चे 'बोबो' झाले आणि तेच नाव कायम राहिले.

रिंगमधील भेदभाव कसा होता?

दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मल्लांची लढत लावली जात नसे. प्रेक्षकांच्या बसण्याच्या जागाही वेगळ्या असत. कृष्णवर्णीयांचे डोके अधिक टणक असते, हा वंशवादी समजही रेसलिंगमध्ये सर्रास वापरला जाई. बोबो यांचा गाजलेला डावही डोक्याने धडक देण्याचाच होता, 'कोको बट'. मात्र सुमारे साडेसहा फूट उंचीच्या या मल्लाला श्वेतवर्णीय प्रेक्षकांनीही डोक्यावर घेतले. डेट्रॉईटमध्ये 'द शेख' यांच्याशी त्यांचे वैर वर्षानुवर्षे रंगले.

१९६२ मध्ये नेमके काय घडले?

१८ ऑक्टोबर १९६२ रोजी नेवार्क येथे बोबो यांनी जगज्जेते बडी रॉजर्स यांना हरवले. मात्र रॉजर्स यांनी दुखापत झाल्याचे सांगितले आणि बोबो यांनी पट्टा नाकारला, असे पुढचे कथानक होते. रॉजर्स यांना काहीच झाले नसल्याचा निर्वाळा डॉक्टरांनी दिल्यावर पट्टा बोबो यांच्याकडे आला. पण नॅशनल रेसलिंग अलायन्सने या विजेतेपदाची अधिकृत नोंदच केली नाही. कृष्णवर्णीय विजेता पाहण्याचे समाधान प्रेक्षकांना मिळाले, यादी मात्र होती तशीच राहिली.

पुढे काय बदलले?

१९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आला. तरीही अटलांटात वेगवेगळ्या वंशांच्या मल्लांची पहिली लढत व्हायला ९ ऑक्टोबर १९७० उजाडावे लागले. त्या लढतीत बोबो आणि त्यांचे साथीदार एल मंगोल जिंकले.

रॉन सिमन्स यांनी २ ऑगस्ट १९९२ रोजी बाल्टिमोर येथे वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंगचा किताब पटकावला. पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता म्हणून सहसा त्यांचेच नाव घेतले जाते. नेवार्कच्या लढतीला तोवर जवळपास ३० वर्षे झाली होती.

वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) १९९४ मध्ये बोबो यांचा 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश केला. २० जानेवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. १९६२ च्या विजयाची अधिकृत नोंद त्यांना हयातीत पाहता आली नाही.