मद्रासचे महापौर, आपल्या पक्षाचे अध्यक्ष : रावबहादूर एन. शिवराज

नगर जिल्ह्यातल्या भीमजयंतीच्या फलकांवर बाबासाहेबांशेजारी दादासाहेब गायकवाड असतात, कधी दादासाहेब रुपवते असतात. एन. शिवराज मात्र सहसा दिसत नाहीत. ज्या पक्षाच्या नावाने आपण आजही मते मागतो, त्याचे हे पहिले अध्यक्ष.

त्यांचा जन्म २९ सप्टेंबर १८९२ रोजी कडप्पा येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते वकील झाले आणि पुढे लॉ कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे कायदा शिकवला. १९२६ पासून दहा वर्षे ते मद्रास विधान परिषदेत जस्टिस पक्षाच्या बाजूने बसत आणि १९३७ नंतर दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात गेले. त्यांच्या पत्नी मीनांबाल स्वतः चळवळीच्या नेत्या होत्या. बाबासाहेब त्यांना बहीण मानत.

१९३७ साली नगरमधून पी. जे. रोहम निवडून आले ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून, आणि तो पक्ष होता मुंबई प्रांतापुरता. देशभरची संघटना हवी म्हणून जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले. बाबासाहेब त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते, त्यामुळे अध्यक्षपद शिवराज यांच्याकडे आले. बाबासाहेबांनी हे पद एका तमिळ माणसाकडे दिले, हे आपल्या भाषिक आणि प्रांतिक अभिमानाने लक्षात घ्यावे.

१९४५ मध्ये ते मद्रासचे महापौर झाले. तिथले महापौरपद तेव्हा वर्षभराचेच असे. फेडरेशनचे अध्यक्षपद मात्र त्यांनी पंधरा वर्षे सांभाळले, आणि त्यात १९४६ च्या निवडणुकीतला दारुण पराभवही आला.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि शिवराज यांनाच अध्यक्ष करण्यात आले. त्याच वर्षी ते चेंगलपट्टूहून लोकसभेत गेले. दोन वर्षांत महाराष्ट्रात पक्ष फुटला. 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' गट कोणाच्या हट्टापायी झाले यावर आपल्याकडे अजून भांडणे होतात. शिवराज गायकवाडांच्या बाजूने राहिले. मद्रासहून नागपूर-मुंबईची भांडणे आवरणे त्यांच्या हाती नव्हते, असे माझे मत.

२९ सप्टेंबर १९६४ रोजी, बहात्तराव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले. दोन दिवसांनी पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी ही तिच्यातली एक मागणी होती. ६ डिसेंबरला त्याच मागणीसाठी गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला आणि तुरुंग भरले.