सावित्रीबाईंचा दवाखाना

सावित्रीबाई फुले यांची शाळा सर्वांना ठाऊक आहे. आज त्यांच्या दवाखान्याची माहिती पाहू.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. १८६८ साली फुले दांपत्याने घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली. रोग्याजवळ जायला लोक घाबरत. सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. मायलेकांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला. तिथे जातपात नव्हती. मुंढव्याच्या दलित वस्तीतलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या! त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पाण्यावर तसा औषधावरही सगळ्यांचा सारखाच हक्क! या माऊलीला आमचा नमस्कार.