ओले गाब्रिएल ऊएलांड : फिरत्या शाळेचे मास्तर

नॉर्वे देशाच्या नैर्ऋत्येस रोगालांड नांवाचा प्रांत आहे. तेथें खडक फार आणि पिकाऊ जमीन थोडी. या प्रांतांतील स्कोलांड नामक शेतवाडीवर ता. 28 ऑक्टोबर 1799 रोजीं ओले गाब्रिएल यांचा जन्म झाला. मोठ्या विद्यालयाची पायरी ते कधीं चढले नाहींत. हातीं येईल तें पुस्तक वाचून ते स्वतःच शिकले. त्यांच्या देशावर त्यांचे उपकार मोठे आहेत, म्हणून त्यांचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सांगत आहों.

त्या काळीं नॉर्वेच्या बहुतेक खेड्यांत शाळेची इमारत नसे. 1736 सालीं प्रत्येक मुलाची दृढीकरणविधीची परीक्षा सक्तीची झाली, आणि त्यासाठीं 1739 त शाळेचा कायदा झाला. परंतु घरें दूरदूर विखुरलेलीं. म्हणून मास्तरच घरोघर फिरे. एका शेतवाडीवर कांहीं दिवस राहून तो आसपासच्या मुलांस वाचन आणि लूथरचा लहान कॅटेखिझम शिकवी, व मग बोचकें उचलून पुढच्या वाडीस जाई. तरुणपणींच ओले गाब्रिएल यांनीं हें काम पत्करलें. ज्याच्या चुलीपाशीं बसून शिकवावयाचें, त्याचें कर्ज, त्याची पडीक जमीन आणि त्याच्या दारचा अनाथ मास्तरापासून लपून राहत नसे. पुढें हेस्केस्टाड गांवच्या ऊएलांड वाडीवरील कन्येशीं त्यांचा विवाह झाला, आणि देशरिवाजाप्रमाणें वाडीचें नांव तेंच त्यांचें आडनांव झालें.

1814 च्या राज्यघटनेनें जमीनधारक शेतकऱ्यांस मताचा हक्क दिला होता. तरी ते बहुधा अंमलदारांनाच निवडून देत, आणि गांवचा कारभार वरून नेमलेले अधिकारी व पाळक चालवीत. 1833 त मात्र स्टॉर्टिंग नामक राष्ट्रसभेंत 45 शेतकरी आले. त्यांत ऊएलांड होते. तेव्हांपासून 1869 पर्यंत ते सभासद राहिले व शेतकरी पक्षाचे पुढारी ठरले.

त्यांचा मुख्य आग्रह एकच होता : गांवची रस्ता-दुरुस्ती, शाळा, गरिबांचें पोषण आणि त्यासाठीं लागणारा पैसा, हें सर्व गांवच्याच निवडलेल्या पंचांच्या हातीं असावें. 1833 सालच्या विधेयकास राजानें संमति नाकारली; पण प्रयत्न थांबला नाहीं, आणि ता. 14 जानेवारी 1837 रोजीं स्थानिक स्वराज्याचा कायदा मंजूर झाला. ऊएलांड स्वतः हेस्केस्टाडच्या पंचायतीचे अध्यक्ष झाले. राष्ट्रसभेंत मान असलेल्या या गृहस्थांनीं आपल्या लहानशा गांवाचा हिशेब कमी लेखला नाहीं.

दुसरी गोष्ट उपासनेची. 1741 च्या एका फर्मानानें पाळकाच्या संमतीवांचून प्रार्थनेसाठीं जमण्यास मनाई होती. त्याच फर्मानाखालीं हान्स नील्सन हाउगे या शेतकरी उपदेशकानें 1804 पासून अनेक वर्षें बंदिवास सोसला. शेतकरी सभासदांनीं हें फर्मान रद्द व्हावें म्हणून वारंवार झटून मतें दिलीं, आणि 1842 त तें रद्द झालें. तेव्हांपासून साध्या घरांत बायबल उघडून बसणें हा अपराध राहिला नाहीं.

त्यांच्या कार्याची उणीवही आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. सरकारी पैसा खर्चतांना ते इतका हात आखडीत कीं, उपयुक्त कामेंही अडत, असें त्यांचे विरोधक म्हणत. शिवाय 1837 च्या कायद्यानें जमीनधारकाचें घर उजळलें, पण त्याच्या वाडीवर राबणारा भूमिहीन कूळ बाहेरच राहिला. सर्व पुरुषांस मताधिकार 1898 त, आणि सर्व स्त्रियांस पंचायतीचा मताधिकार 1910 त मिळाला. त्यांनीं उघडलेलें दार पुरतें उघडण्यास असे पुष्कळ दिवस लागले.

ता. 9 जानेवारी 1870 रोजीं ते निवर्तले. 1965 सालीं हेस्केस्टाडची स्वतंत्र पंचायतही संपली व तिचा प्रदेश शेजाऱ्यांत वांटला गेला. तरी आपला हिशेब आपण राखावा, ही संवय नॉर्वेच्या खेड्यांत टिकून आहे. बोचकें पाठीवर घेऊन दारोदार अक्षरें शिकविणारा एक मास्तर ती संवय लावून गेला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.