बाळंतपण मराठीत शिकवणारे डॉक्टर

डॉ. सखाराम अर्जुन हे नाव अनेकांना डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील एवढ्यापुरतेच माहीत असते. पण डॉक्टरांचे ज्ञान रुग्णाच्या भाषेत यावे, यासाठी दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत ज्यांनी कष्ट घेतले, त्यांच्यात ते पुढे होते.

त्यांचा जन्म १८३९ चा. शिक्षण भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. तिथे सारे शिक्षण इंग्रजीत होते. दवाखान्यांना मात्र लोकांची भाषा जाणणारी माणसे हवी होती. म्हणून १८६० च्या दशकात कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. मराठी वर्गाला सखाराम अर्जुन वनस्पतिशास्त्र शिकवू लागले.

शिकवायचे तर मराठी पुस्तके हवीत. त्यांनी ती लिहिली. १८७३ मध्ये त्यांचे गर्भविद्या आणि प्रसूती यांवरचे पुस्तक आले. या विषयात शब्द चुकला तर जीव जातो. बाळंतिणीजवळची सुईण ‘वार अडकली’ असे सांगते, तेव्हा ते संकट असते. साधारण अर्ध्या तासात वार पडली नाही, तर रक्तस्राव बाईच्या जिवावर बेतू शकतो. ‘प्लॅसेंटा’ पाठ असलेल्या डॉक्टरला ‘वार’ कळली नाही, तर तो वेळ हातचा जातो.

औषधांचेही तसेच. वैद्य आणि काष्ठौषधीचा दुकानदार ज्याला अडुळसा म्हणतात, ते झाड डॉक्टरच्या पुस्तकात लॅटिन नावाने असते. मुंबईच्या बाजारातल्या अशा औषधांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांमध्ये जे दोन भारतीय होते, त्यांतले एक हेच.

घरातही त्यांची विद्या कामी आली. पत्नी जयंतीबाई कोवळ्या वयात आई आणि लवकरच विधवा झालेल्या. त्यांच्या मुलीचे, रखमाबाईचे, लग्न अकराव्या वर्षीच झाले होते. पण तिला सासरी पाठवण्याची घाई सखाराम अर्जुनांनी केली नाही. १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात धाव घेतली. पुढच्याच वर्षी, पहिला निकाल लागण्याआधी, सखाराम अर्जुन वारले. रखमाबाई मात्र मागे हटल्या नाहीत. लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

आजही मुंबईच्या ओपीडीत एखादी बाई दबक्या आवाजात ‘अंगावरून जातं’ एवढेच सांगते. पांढरे की लाल, किती दिवस, हे तिच्याच शब्दांत विचारले तरच निदानाची वाट सापडते. रुग्णानेही संकोच करू नये. डॉक्टरांचे बोलणे कळले नाही तर पुन्हा विचारावे आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते स्वतःच्या शब्दांत सांगून दाखवावे. चूक असेल तर ती तिथेच सुधारते.