कोकणचे गांधी : अप्पासाहेब पटवर्धन

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही मालवण तालुक्यातील एका खेड्यात राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी संडास साफ करण्याची पाळी आमच्या गटावर आली. कोणाचे डोके दुखू लागले, कोणाला भाजी चिरायला जायचे होते. मी पायात काटा मोडल्याचे निमित्त सांगितले. कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांचे डोळे नकळत एकाच मित्राकडे वळले. तो मुकाट्याने उठला आणि त्याने बादली उचलली. डोळे त्याच्याकडेच का वळले, हे त्यालाही ठाऊक होते आणि आम्हालाही.

परत आल्यावर ग्रंथालयात अप्पासाहेब पटवर्धनांचे 'माझी जीवनयात्रा' हे आत्मचरित्र हाती आले आणि माझ्या त्या खोट्या काट्याची मला लाज वाटली.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. तत्त्वज्ञान घेऊन ते एम.ए. झाले. प्राध्यापकीची सुखाची वाट त्यांना मोकळी होती. ती सोडून ते साबरमतीला गांधीजींकडे गेले, आणि पुढे कोकणातच परतले. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली तीही त्यांनीच.

तेव्हा आपल्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता. पावसाळी भाताचे एक पीक, त्यातही खोताचा वाटा. घरातला तरणा माणूस मुंबईच्या गिरणीत आणि चूल मनिऑर्डरच्या भरवशावर, अशी स्थिती. समुद्र अंगणात असून मिठावर मात्र सरकारचा कर. म्हणूनच १९३० साली शिरोड्याचे मिठागर सत्याग्रहाचे रणक्षेत्र बनले. लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. अप्पासाहेबही या चळवळीत तुरुंगात गेले.

पण त्यांची खरी लढाई तुरुंगाच्या भिंतींआड झाली. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. अधिकाऱ्यांनी नकार दिला. हे काम जातीने ठरलेले. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही, असा तुरुंगाचा नेम. ज्या सरकारला आम्ही परके म्हणत होतो, त्याने आमचीच जुनी रूढी आपल्या नियमांत बसवली होती! अप्पासाहेबांनी अन्न कमी करीत नेले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळले, तेव्हा ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनी सहानुभूतीचे उपोषण सुरू केले. सरकारने प्रश्नाचा विचार करण्याची तयारी दाखवल्यावर ते सुटले, आणि पुढे स्वेच्छेने हे काम मागणाऱ्या सवर्ण कैद्यांना ते करण्याची मुभा मिळाली.

जन्मावरून काम ठरवण्याची ही रीत आपल्यापुरतीच नव्हती. दक्षिण आफ्रिकेत १९११ च्या कायद्यापासून खाणींतील कुशल कामे गोऱ्यांसाठी राखली गेली. काळ्या मजुराच्या वाट्याला अंगमेहनत आणि तुटपुंजी मजुरी आली. दडपशाही आणि दारिद्र्य या सख्ख्या बहिणी आहेत, हे तिथेही दिसते आणि इथेही.

१९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. मेलेली ढोरे त्यांनी स्वतः सोलली, कातडे कमावण्याचा उद्योग चालवला, मैल्याचे सोनखत करणारा गोपुरी संडास प्रचारात आणला. गावात फुकट जाणारी किंवा विटाळाची मानलेली वस्तू गरिबाच्या मिळकतीची व्हावी, हा त्यांचा हिशेब होता.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. डॉ. आंबेडकरांच्या हाकेनंतर महार समाज ढोरे ओढण्याचे काम टाकून देत होता. ज्यांच्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या लादले होते, त्यांना त्याची थोरवी सांगण्यात काय अर्थ, हा बाबासाहेबांचा आक्षेप मला खरा वाटतो. अप्पासाहेबांचे मोठेपण मला वेगळ्या ठिकाणी दिसते. त्यांनी हे काम दुसऱ्याला नुसते शिकवले नाही, आधी स्वतःच्या हातात घेतले. सोडणाऱ्याने ते सोडावे आणि टाळणाऱ्याने उचलावे, तेव्हाच त्यावरची जात पुसली जाईल.

१० मार्च १९७१ रोजी अप्पासाहेब गेले. त्यानंतर १९९३ आणि २०१३ साली हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे झाले. पण शिबिरातल्या त्या सकाळी आमच्या डोळ्यांना कोणता कायदा अडवणार होता?

त्या मित्राची मी क्षमा मागितली. तो नुसता हसला आणि पुढच्या शिबिराच्या कामांची यादी त्याने माझ्यापुढे सरकवली. सफाईच्या रकान्यात पहिले नाव मी माझे लिहिले. त्याचे नाव त्याने स्वतःच्या हाताने स्वयंपाकाच्या रकान्यात लिहिले.