आपल्या नगराशी इमान राखणारा चितारी

जर्मनीतील न्यूरेम्बर्ग नगरी सुमारे १४३४ साली मिखाएल वोल्गेमुट जन्मास आला. वडील चितारी असल्याने कलेचे पहिले धडे घरीच मिळाले. पुढे हान्स प्लायडनवुर्फ या नामांकित चित्रकाराच्या हाताखाली त्याने काम केले. १४७२ साली हान्स वारला. तेव्हा लवकरच त्याच्या विधवेशी विवाह करून वोल्गेमुटने चित्रशाळेचा भार उचलला. तिचा मुलगा विल्हेल्म हाही तेथेच तयार झाला.

चर्चमधील वेदीची चित्रे हा या चित्रशाळेचा मोठा व्यवसाय होता. पण वोल्गेमुटचे नाव दूरदेशी गेले ते लाकडी ठशांमुळे. रेषा तेवढी उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढले, म्हणजे ठसा मजकुराच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबाखाली छापता येतो. १४९१ च्या डिसेंबरात श्रायर व कामरमाइस्टर या धनिकांनी या सावत्र बापलेकांशी करार केला. हार्टमान शेडेल या वैद्याने रचलेली जगाची बखर त्यांनी सजवावी, असे ठरले. अंतोन कोबेर्गरच्या छापखान्यातून ती १४९३ साली, जुलैत लॅटिनमध्ये व डिसेंबरात जर्मनमध्ये, बाहेर पडली. तीत चित्रे १८०९, पण ठसे मात्र ६४५!

हा हिशेब जुळला तो एकच ठसा पुनःपुन्हा वापरून. दमास्कस, फेरारा, मिलान आणि मांतुआ या चारही नावांखाली नगर एकच आहे. व्हेनिसचे दृश्य खरे, पण तेही १४८६ साली छापलेल्या रॉयविखच्या ठशावरून घेतलेले.

न्यूरेम्बर्गची गोष्ट मात्र निराळी. दोन पानांवर पसरलेल्या त्या चित्रात दुहेरी तट आहे, वर किल्ला आहे, संत झेबाल्ड व संत लॉरेन्स यांची चर्चे नावानिशी आहेत. एवढेच नव्हे, तर तटाबाहेरची, १३९० साली सुरू झालेली कागदाची गिरणीही सुटलेली नाही. पाहिले नाही तेथे या चिताऱ्याने सोय पाहिली. जेथे आयुष्य काढले, तेथे काही उसने घेतले नाही.

१४८६ ते १४८९ या काळात त्याच्याकडे शिकून गेलेला आल्ब्रेख्ट ड्यूरर गुरूहून कितीतरी मोठा झाला, आणि वोल्गेमुटची ओळख ड्यूररचा गुरू एवढीच उरली. पण शिष्य विसरला नाही. १५१६ साली त्याने वृद्ध गुरूचे चित्र रंगविले. ओढलेली कातडी, वर आलेली हाडे, तीक्ष्ण डोळे, काहीही झाकले नाही. ३० नोव्हेंबर १५१९ रोजी वोल्गेमुट निवर्तला, तेव्हा त्याच चित्रावर ड्यूररने मृत्यूची नोंद केली. आपल्या माणसाचे चित्र खरेच असावे, हा धडा गुरूच्या घरचाच होता.